जुना लेझरजेट ४ दुरुस्तीला देण्याआधी

एचपीचा लेझरजेट ४ हा लेझर प्रिंटर बाजारात आला १९९२ साली. मिनिटाला ८ पानं, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), आत कॅननचं इंजिन. तुमच्याकडे तो कोपऱ्यात झाकून ठेवलेला असेल, तर भंगारात देण्याआधी आम्हाला एकदा दाखवा.

इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक बोर्ड शाबूत असतो, रबर गेलेलं असतं. कागद उचलणारे रोलर कडक, गुळगुळीत होतात आणि डिस्प्लेवर ‘१३ पेपर जॅम’ येतं. रोलर बदलूनही जॅम थांबत नसेल, तर आम्ही सोलेनॉइड, म्हणजे रोलरला चालना देणारा छोटा विद्युतचुंबक, बघतो. त्यावरची छोटी गादी कालांतराने चिकट होते आणि तो वेळेवर सुटत नाही. नखाएवढ्या या गादीपायी चांगली मशीनं मोडीत निघतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

छपाई फिकी येत असेल, तर पान अर्ध्यावर असतानाच आम्ही मशीन बंद करून ड्रम, म्हणजे छपाई आधी ज्यावर उमटते तो दंडगोल, तपासतो. ड्रमवर अक्षर स्वच्छ आणि कागदावर फिकं, म्हणजे संशय ड्रमवरची छपाई कागदावर घेणाऱ्या ट्रान्सफर रोलरवर. ड्रमवरच फिकं असेल, तर कार्ट्रिज (टोनर, म्हणजे छपाईची पूड, भरलेला डबा) किंवा लेझरच्या आरशावरची धूळ. पूर्ण बाहेर आलेल्या पानावरचा टोनर बोटाने पुसला जात असेल, तर फ्यूजर, म्हणजे टोनर वितळवून कागदावर बसवणारा भाग, नीट तापत नाही. एक तपासणी तुम्हीही करू शकता: तोच डाग साधारण साडेनऊ सेंटिमीटरवर पुन्हा पुन्हा येतो का, ते पट्टीने मोजा. येत असेल तर ड्रमला चरा आहे. ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, त्यामुळे कार्ट्रिज बदललं की काम होतं.

‘५० सर्व्हिस’ हा फ्यूजरचा दोष. अमेरिकेतून आणलेलं मशीन ११० व्होल्टचं असू शकतं, म्हणून मागच्या पट्टीवर लिहिलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवरही नको, फ्यूजर तापताना एकदम जास्त करंट ओढतो.

सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, बारीक पूड फिल्टरमधून हवेत जाते. कपड्यावर पडला तर झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो कापडात बसतो.

बोर्ड आणि फ्यूजर दोन्ही गेले असतील, तर खर्च करू नका असं आम्ही स्पष्ट सांगतो.

येताना ट्रे आणि खराब आलेली दोन-तीन पानं आणा. कार्ट्रिज काढून, ड्रमवर उजेड पडू नये म्हणून काळ्या कापडात गुंडाळून वेगळं ठेवा.