शिकाऊ वैमानिक आणि क्षितिजाची रेषा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ 1950 च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधलेली, सुमारे 1,280 मीटर लांबीची धावपट्टी आहे आणि पुढे तिचा उपयोग वैमानिक प्रशिक्षणासाठीही झाला. अशा ठिकाणी शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात क्षितिज शोधावे लागते. एकीकडे आगाशिवाचा डोंगर, दुसरीकडे सदाशिवगड आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा असताना नवशिक्याची नजर साहजिकच डोंगरमाथ्याच्या रेषेवर ठरते. खरे क्षितिज मात्र जवळजवळ डोळ्यांच्या पातळीत असते, आणि विमानापेक्षा उंच असलेला माथा त्याच्या वर दिसतो. त्या माथ्याशी विमानाचे नाक जुळवले, तर नाक नकळत वर जाते आणि वेग घटू लागतो.

सुरुवातीच्या धड्यांत चारच गोष्टी असतात: सरळ व समपातळीत उडणे, चढणे, वळणे आणि उतरणे. या चारही गोष्टी क्षितिजाच्या तुलनेत नाक व पंख कसे आहेत आणि इंजिनाची शक्ती किती आहे, यांवर ठरतात. वैमानिकासमोरच्या तबकड्या या जोडीचा परिणाम दाखवतात आणि त्यांतील काही तो उशिरा दाखवतात; चढण्या-उतरण्याचा दर सांगणारा काटा स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. शिकाऊ वैमानिक त्या काट्याच्या मागे लागला की प्रत्येक दुरुस्ती उशिरा आणि जास्त होते व विमान वर-खाली हेलकावत राहते. शरीराच्या जाणिवेवरही विसंबता येत नाही, कारण कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिकांतील द्रवाला अगदी सावकाश होणारे वळण जाणवत नाही, आणि वळण बराच वेळ एकसारखे चालू राहिले तर आपण सरळच चाललो आहोत असे वाटू लागते. म्हणून चांगला प्रशिक्षक काही वेळा तबकड्या झाकून ठेवतो आणि विद्यार्थ्याला बाहेर पाहायला लावतो.

मोटार चालवण्याची सवय इथे आड येते. जमिनीवर छोटे विमान पायांनी वळवावे लागते, तरीही हात सुकाणूचक्र फिरवत राहतात. हवेत उजवीकडे वळण्यासाठी चक्र उजवीकडे फिरवले की डाव्या पंखाच्या मागच्या कडेवरील एलेरॉन ही हलती झडप खाली येते, त्या पंखाची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारे बल, वाढते, पण तिच्याबरोबर हवेचा रोधही वाढतो, आणि हा वाढलेला रोध नाकाला क्षणभर उलट, म्हणजे डावीकडे खेचतो. ही ओढ सावरण्यासाठी उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरील उभ्या सुकाणूचे पेडल, दाबावा लागतो. हात आणि पाय यांचा हा मेळ बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच हवा.

माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा ट्रिमचा, म्हणजे चक्रावर सतत जोर द्यावा लागू नये म्हणून करायच्या जुळणीचा आहे. प्रशिक्षणाची विमाने मुळातच स्थिर असतात: गुरुत्वमध्य पुरेसा पुढे असल्याने एखाद्या झुळकीने नाक वर गेले, तर शेपटीवरील बल ते पुन्हा खाली आणते. ट्रिम लावल्यावर विमान ठरावीक वेग स्वतःच राखू पाहते आणि हाताला फक्त किंचित सुधारणा करायची उरते. परंतु भीतीने चक्र मुठीत आवळून धरणाऱ्याला ही स्थिरता कधी जाणवतच नाही. अंगठा आणि दोन बोटे एवढी पकड पुरते.

या सगळ्यात हवेचाही वाटा असतो. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंचीवर आहे. एप्रिलमधील दुपारी तापमान 38 अंश सेल्सिअस असेल, तर तिथली हवा प्रमाण वातावरणात (तापमान व दाबाच्या ठरवून घेतलेल्या सरासरी स्थितीत) 5,000 फुटांच्या आसपास असते तितकी विरळ होते. इंजिन, प्रोपेलर आणि पंख तिघांचेही काम मंदावते व चढाई रेंगाळते. शिवाय तापलेल्या रानांवरून उठणारे उष्ण हवेचे झोत विमान हलवत राहतात, आणि नाक आपल्या हाताने वर गेले की झोताने, हे नवशिक्याला ओळखता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात हे धडे उजाडल्यानंतरच्या शांत हवेत, जमीन तापण्यापूर्वी उरकणे योग्य असते.