कोपऱ्यात बसलेली कोंबडी: आजारी की मार खाणारी?

खुराड्याच्या कोपऱ्यात एखादी कोंबडी पिसे फुलवून, मान आखडून बसलेली दिसली की परसात कोंबड्या पाळणारा माणूस बहुधा तिला आजारी ठरवतो आणि घरात असेल ते औषध पाण्यात कालवून मोकळा होतो. परंतु इतर कोंबड्यांच्या चोचींना भिऊन बाजूला पडलेली कोंबडीही दुरून अगदी अशीच दिसते. दोघींचे वजन घटते, दोघी अंडी देणे थांबवतात. उपाय मात्र परस्परविरुद्ध असल्यामुळे ही गफलत महागात पडते.

कोणी कोणाला टोचायचे याची कोंबड्यांत ठरलेली उतरंड असते. नॉर्वेचे थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. वरच्या कोंबडीने एक टोच मारावी, खालचीने बाजूला व्हावे आणि विषय तिथेच संपावा, ही रोजची रीत आहे. तिच्यात आपण पडू नये. दाण्यापाशी येऊच न देणे, पाठलाग करणे, पिसे उपटणे, रक्त काढणे हा मात्र छळ होय.

आजारी आणि मार खाणारी कोंबडी यांतील फरक ओळखण्याची माझ्या मते सर्वांत खात्रीची रीत म्हणजे डालगे, अर्थात कोंबड्या झाकायची विणलेली टोपली. संशयित कोंबडी एकटी डालग्याखाली झाकावी, आत मूठभर ज्वारी आणि वाटीभर पाणी ठेवावे आणि लांबून पाहावे. मार खाणारी कोंबडी थोड्या वेळाने इकडेतिकडे बघून दाण्यांवर तुटून पडते, तिचे डोळे टक्क उघडे असतात. आजारी कोंबडी दाणे समोर असूनही डोळे मिटून, पंख पाडून बसते. जोडीला संध्याकाळी छातीच्या वर, किंचित उजवीकडे असलेली अन्नाची पिशवी बोटांनी चाचपावी. दिवस मावळताना ती भरलेली हवी. छळ होणाऱ्या कोंबडीची ती रिकामी लागते. पण सकाळी खाण्यापूर्वीच ती भरलेली आणि घट्ट किंवा पिचपिचीत लागली, तर दोष पचनाचा आहे. हिरवट विष्ठेवरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण नुसत्या उपासमारीनेही विष्ठा हिरवी होते.

तुऱ्यावरच्या खपल्या सर्वाधिक फसवतात. चोचीच्या जखमेची खपली सपाट, सुकलेल्या रक्ताची आणि बहुधा तुऱ्यावर किंवा डोक्याच्या मागे असते, तर देवीच्या फोडांची खपली चामखिळीसारखी उंच असते आणि पापण्या व चोचीच्या कडेलाही दिसते. (खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडीही पिसे फुलवून बसते आणि खात नाही, पण हात लावताच ती ज्या त्वेषाने चावते, त्यावरून तिच्या तब्येतीची चिंता मिटते.)

आजारी कोंबडी पूर्णपणे वेगळी, शक्यतो दुसऱ्या छपराखाली ठेवावी, तिचे भांडे निराळे असावे आणि तिला दाणापाणी सर्वांत शेवटी द्यावे. मान वाकडी होणे, श्वासाची घरघर आणि एकामागून एक कोंबड्या मरणे अशी लक्षणे दिसल्यास मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घेऊन ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. हा विषाणूचा रोग असल्याने त्यावर औषध नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात दिलेली लासोटा लस आणि पुढचे डोस हाच बचाव.

छळ होणारीला मात्र दूर नेऊ नये. बरेच दिवस ती नजरेआड राहिली की बाकीच्या तिला परकी समजतात आणि परत आल्यावर मार दुप्पट होतो. जखम झाली असेल तर ती भरेपर्यंत तिला खुराड्यातच डालग्याखाली, सर्वांना दिसेल अशी ठेवावी आणि चार-पाच दिवस बाहेर काढावे ते मारकुटीला. ती परतते तेव्हा नवखी ती ठरते आणि तिचा तोरा उतरतो. दाण्याचे दुसरे भांडे इतक्या अंतरावर ठेवावे की एकीला दोन्हींवर पहारा करता येऊ नये, आणि बसायच्या दांडीवर प्रत्येकीला सुमारे २० सेंटीमीटर जागा मिळावी.

अडचण अशी की दुबळी झालेली कोंबडी बाकीच्यांना आपल्याआधी कळते आणि आजारीलाच मार बसू लागतो. आमच्याकडची तीन महिन्यांची काळी तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोंबडी) डोक्यावर जखमा घेऊन फिरत होती, म्हणून मी तिला टोचणाऱ्या तांबडीला कोंडले. काळी तरीही खाईना. चौथ्या दिवशी तिच्या खाली अंथरलेला कागद पाहिला तर विष्ठेत रक्त होते. डॉक्टरांनी रक्ती हगवणीचे निदान केले, औषधाने ती सावरली. तांबडी मात्र चार दिवस विनाकारण कोंडली गेली होती.