वनातील वृक्षविविधता (मराठवाडा)

पाणी, मुळे आणि पानगळ यांबाबत वेगवेगळ्या सवयींची झाडे एकत्र असलेले वन अवर्षण, उष्मा आणि कीड यांपुढे एकजातीय लागवडीपेक्षा सहसा जास्त टिकते. नुसती जातींची संख्या मोजून मात्र काही साधत नाही. उथळ मुळांच्या दहा जाती लावल्या, तर दुष्काळात दहाही एकदमच सुकतात.

मराठवाड्यातील वने मुख्यतः शुष्क पानझडी: किनवटकडे साग, गौताळा अभयारण्यात अंजन, धावडा, खैर. डोंगरउतारावर मुरूम उथळ आणि खाली बेसाल्टचा खडक. अंजनाचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल उतरते. रोपाची पहिली वर्षे मूळ वाढवण्यातच जातात, म्हणून वरून ते खुरटलेले वाटते आणि अनेकदा ‘मेले’ समजून बदलले जाते. सालई आणि मोई मऊ खोडात पाणी धरून निष्पर्ण अवस्थेत उन्हाळा काढतात. साग ओल आटली की पाने टाकतो. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत तो रोडावतो, तिथे बाभूळ, करंज बरे.

किडींचे गणित सोपे आहे. सागाची पाने खाणाऱ्या अळीला सलग सागवनात सगळीकडे खाद्य मिळते, मिश्रवनात मध्ये दुसरी झाडे येतात. १९८८ मध्ये सुबाभळीवरील रसशोषक सिलिड कीड भारतात आली, तेव्हा निव्वळ सुबाभळीच्या लागवडींना फटका बसला.

चीनच्या जिआंगशी प्रांतातील प्रयोगात आठ वर्षांनी १६ जातींच्या मिश्रणात एकजातीय तुकड्यांच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक कार्बन साठला होता. तो प्रदेश भरपूर पावसाचा. हा आकडा बीड-धाराशिवला लावू नये. कोरड्या जागी दाट मिश्रणातली झाडे पाण्यासाठी एकमेकांशीच झगडतात. चौरस मीटरला तीन रोपांचे घनवन सिंचन थांबल्यावर अडचणीत येते ते यामुळेच.

लागवडीसाठी ३×३ मीटर अंतर (हेक्टरी सुमारे १,१११ रोपे) आणि ४५ सेंमीचे घनाकृती खड्डे एप्रिल-मेमध्ये. उतारावर समतल चर (एकाच उंचीच्या रेषेत खणलेले) आधी. जाती एकाआड एक न लावता ९ ते १६ रोपांच्या गटाने लावाव्यात, नाहीतर वेगाने वाढणारी जात अंजन-धावड्याला दाबते. बी एकाच झाडाचे नको. दूरदूरच्या अनेक मातृवृक्षांचे गोळा करावे. बाभळीच्या बियांवर उकळते पाणी ओतून त्या रात्रभर भिजवाव्यात. पहिली तीन-चार वर्षे चराईबंदी आणि दर हिवाळ्याअखेर जाळरेषा (आग अडवणारे गवतविरहित पट्टे) साफ करणे अटळ. वाळल्या कुसळी गवतातला वणवा कोवळ्या रोपांची जात पाहत नाही.