शिरांतलं रक्त निळं नसतं
‘शिरांत ऑक्सिजन नसलेलं निळं रक्त असतं, हवा लागली की ते लाल होतं,’ असा मेसेज इंदूरच्या मराठी ग्रुपांवर अधूनमधून परत येतो. समज साहजिक आहे. शाळेच्या आकृतीतही शिरा निळ्याच रंगवतात.

रक्ताला रंग देतं तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन. त्याच्या एका रेणूत लोहाचे 4 अणू, प्रत्येकाला एक ऑक्सिजन रेणू चिकटतो. विश्रांतीत असताना शिरांतल्या रक्तातही ऑक्सिजनच्या सुमारे 75 टक्के जागा भरलेल्या असतात. ऑक्सिजन सुटला की रंग गडद होतो, पिकलेल्या जांभळाच्या रसाकडे झुकतो, पण निळा होत नाही.

मग निळं दिसतं ते का? लाल प्रकाश त्वचेत खोल जातो आणि शिरेतलं रक्त त्यातला बराच शोषतं. निळा वरूनच परततो. आजूबाजूच्या त्वचेपेक्षा शिरेवरून लाल कमी येतो, आणि डोळा तुलना करून ‘निळं’ म्हणतो.

पडताळायचंय? कागदाला बारीक भोक पाडा, त्यातून फक्त शीर पाहा. बहुधा राखाडीच दिसेल. इंदूरच्या पलासिया भागातल्या एखाद्या लॅबमध्ये रक्त देताना निर्वात ट्यूबकडे बघा. शिरेतून सुईत, सुईतून बंद ट्यूबमध्ये. वाटेत बाहेरची हवा लागत नाही, तरी रक्त गडद लालच.