कार अलार्म आणि इंजिन कटचा वाद : पार्श्वभूमी

नागपुरात कार डेकोरच्या दुकानात अलार्म बसवायला गेलेल्या गाडीमालकाला आजही तेच ठरावीक प्रश्न विचारले जातात: धक्का ओळखणारा सेन्सर कमी ठेवायचा की जास्त, इंजिन कट, म्हणजे चोराला इंजिन चालवू न देणारी जोडणी, घ्यायचा की सोडून द्यायचा, सेंटर लॉक नवे घ्यायचे की कंपनीच्या लॉकलाच वायर द्यायची. हे प्रश्न कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात, साधारण १९९० ते २००० या दशकात तयार झाले. त्यानंतर गाडीतील विजेची सगळी मांडणी बदलली, चोरीची तऱ्हा बदलली, तरीही दुकानातील काउंटरवरचे बोलणे फारसे बदललेले नाही. म्हणून या टिपणात त्याच दशकाला अधिक जागा दिली आहे.

त्याआधीचा भाग थोडक्यात आटोपता येतो. अमेरिकेत १९७० पासून नव्या मोटारींना किल्ली काढताच स्टिअरिंग किंवा गिअर अडकवणारी यंत्रणा सक्तीची झाली. १९८६ मध्ये तेथील एका स्पोर्ट्स कारच्या किल्लीत बारीकसा रेझिस्टर बसवण्यात आला. त्याची पंधरा मूल्ये ठरलेली होती आणि चुकीच्या मूल्याची किल्ली लावली तर गाडी काही मिनिटे सुरूच होत नसे. आपल्याकडे त्या सुमारास अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या डॅशबोर्डखाली ‘चोर स्विच’ असे. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलकडे जाणारी वायर तोडून तिच्यात एक साधा खटका लपवलेला असायचा. तो बंद असला की स्टार्टर नुसताच फिरे आणि इंजिन पेट घेत नसे. खर्च नगण्य, बिघडण्यासारखे काही नाही, आणि गुपित घरच्या मंडळींपुरते, म्हणजे अर्थातच ड्रायव्हर, मेकॅनिक आणि शेजारी धरून.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या दहा वर्षांत मध्यमवर्गीय घरासमोर कार उभी राहू लागली. या घरांना गॅरेज नव्हते. नागपुरात धरमपेठेत किंवा लक्ष्मीनगरात कंपाउंडच्या आत, महाल भागात किंवा इतवारीत सरळ गल्लीत, अशी गाडी रात्रभर उघड्यावर असे. अलार्मला गिऱ्हाईक मिळाले ते या उघड्यावरच्या गाडीमुळे. आयात खुली झाल्यावर बाहेरून संच येऊ लागले आणि नाशिकमध्येही कार अलार्म तयार होऊ लागले. संचात एक मुख्य डबा, एक भोंगा, शॉक सेन्सर, दोन रिमोट, डॅशबोर्डवर लुकलुकणारा लाल दिवा, सर्व्हिसिंगला गाडी देताना अलार्म गप्प करणारा लहान स्विच आणि एक रिले (विजेने उघडझाप होणारा खटका) एवढे सामान असे. सेंटर लॉक हवे असेल तर चार दारांत चार मोटरी. ड्रायव्हरच्या दारातील मोटर पाच वायरींची, उरलेल्या दोन वायरींच्या. रिमोटमध्ये बारा व्होल्टचा, बोटाच्या पेराएवढा सेल पडे.

सुरुवातीच्या रिमोटचा संकेत कायमचा एकच असे, त्यामुळे तो हवेतून टिपून पुन्हा सोडणे शक्य होते. प्रत्येक दाबासरशी संकेत बदलणारी पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यावर दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली होती. १९९५ मध्ये एका अमेरिकी चिप कंपनीने ती विकत घेतली आणि मग ती स्वस्त संचांतही पोहोचली.

खरा वाद झाला तो इंजिन कटवर. अलार्मच्या संचातील रिले गाडीच्या कोणत्या वायरीत घालायचा, हा तो प्रश्न. मारुती ८०० च्या जुन्या मॉडेलला पेट्रोलचा पंप यांत्रिक होता, त्यामुळे विजेने इंधन तोडण्याचा मार्ग नव्हता आणि स्टार्टर किंवा कॉइल हे दोनच पर्याय उरत. स्टार्टरच्या वायरीत रिले घातला तर चालती गाडी कधीच अडत नाही. रिले बिघडला तर फार तर गाडी सुरू होणार नाही, आणि ती धक्का मारून काढता येते. अडचण अशी की मालक जी गाडी धक्का मारून काढू शकतो ती चोरही काढू शकतो, आणि मारुती ८०० ढकलायला दोन माणसे पुरत. त्यामुळे अनेक फिटर कॉइलचीच वायर तोडण्याच्या बाजूचे होते. कॉइल बंद म्हणजे धक्का मारूनही उपयोग नाही.

या युक्तिवादाची दुसरी बाजू फिटरच्या बोलण्यात क्वचित येत असे. कॉइलच्या वायरीतील रिलेतून इंजिन चालू असेपर्यंत सतत प्रवाह जातो. रिले दोन प्रकारे जोडता येतो. गाडी चालताना रिलेला वीज द्यावी लागेल अशी जोडणी केली, तर चोराने अलार्मचा डबा उपटला तरी गाडी बंदच राहते. पण चालत्या गाडीत रिलेची वीज तुटली की इंजिन जागच्या जागी बंद पडते. उलट जोडणी केली तर चालती गाडी सुरक्षित राहते, मात्र डबा उपटला की इंजिन कटही संपतो. चोरापासून जास्तीत जास्त संरक्षण देणारी जोडणी मालकाला वर्धा रोडवर ट्रकपुढे बंद पाडू शकते, हे त्यात अनुस्यूत होते. काही संचांनी त्यावर कडी करून ‘अँटी-हायजॅक’ नावाची सोय दिली: गाडी हिसकावून नेली जात असेल तर लांबून रिमोट दाबायचा आणि काही सेकंदांनी धावत्या गाडीचे इंजिन बंद पाडायचे. इंजिन बंद झाले की ब्रेकच्या बूस्टरमधील निर्वात दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. ती गाडी पुढे कोणावर जाईल याचा हिशेब माहितीपत्रकात नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते कॉइल कट ग्राहकासमोर ठेवण्याजोगा पर्याय कधीच नव्हता. स्टार्टर कट आणि जोडीला गिअर लॉक एवढ्याने त्या काळातील गरज भागली असती, आणि ज्यांनी तेवढेच केले त्यांना पुढे वायरिंगचा त्रासही कमी झाला.

२००० मध्ये युरो-१ च्या धर्तीवरील प्रदूषण नियम देशभर लागू झाले, कार्ब्युरेटरऐवजी फवाऱ्याने पेट्रोल देणारी एमपीएफआय इंजिने आली आणि पेट्रोलचा पंप टाकीत जाऊन विजेवर चालू लागला. फिटरना तिसरा पर्याय मिळाला. मागच्या सीटखाली सहज हाताशी येणारी पंपाची वायर तोडली की चोर गाडी सुरू करून नेतो, पण नळीतील दाब संपताच ती अडते. हे कॉइल कटपेक्षा सौम्य वाटते, प्रत्यक्षात अडण्याची जागा तेवढी बदलते.

याच सुमारास गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी वॉरंटीचा मुद्दा पुढे केला. मूळ वायरिंग तोडून बाहेरचे यंत्र जोडले तर विद्युत भागांची वॉरंटी जाईल, अशी भूमिका घेण्यात आली. इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, महाग होता, सैल जोडातून आग लागण्याची भीती खरी होती. दुकानदारांचे म्हणणे असे, की कंपनीचे शोरूम त्याच जातीचा अलार्म ‘जेन्युइन अ‍ॅक्सेसरी’ म्हणून जास्त दराने बसवते, आणि तेव्हा मात्र वॉरंटी शाबूत राहते. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. तरी इग्निशन आणि इंधनाच्या वायरींना लावलेला निकष दाराच्या लॉकच्या वायरींना आणि इंडिकेटरलाही सरसकट लावण्यात सुरक्षिततेपेक्षा व्यापाराचा भाग मोठा होता, असे म्हणावे लागते. त्यातूनच पुढे वायर न तोडता मूळ कपलरमध्येच बसणाऱ्या जोडण्या बाजारात आल्या.

नागपूरच्या उन्हाळ्यामुळे हा वाद येथे जास्त धारदार झाला. २३ मे २०१३ रोजी शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. तेवढे नसले तरी मे महिन्यात उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. वायर सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेला जोड अशा उष्णतेत दोन-तीन उन्हाळे काढतो. टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेपचे टोक उलगडते आणि आतला तांब्याचा पिळा उघडा पडतो. डाख देऊन वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवलेला जोड टिकतो, पण त्याला वेळ लागतो. तीच गत शॉक सेन्सरची. तो दुतर्फा चिकटणाऱ्या टेपने प्लास्टिकवर लावला असेल तर मे महिन्यात सुटून वायरीला लोंबकळतो आणि मागून बस गेली तरी भोंगा सुरू होतो. स्टिअरिंगखालच्या लोखंडी पट्टीला केबल टायने आवळलेला सेन्सर वर्षानुवर्षे जागा सोडत नाही.

सेन्सरची जुळणी वरवर साधी आहे. डबीवर एक लहान स्क्रू असतो. तो फिरवला की संवेदनशीलता कमी-जास्त होते. हलक्या धक्क्याला एक छोटा इशारा आणि जोराच्या धक्क्याला पूर्ण भोंगा, असे दोन टप्पे बहुतेक सेन्सरमध्ये असतात. दुकानात फिटर दोन काचांमधल्या खांबावर मूठ आपटून जुळणी करतो, दुपारी, मोकळ्या अंगणात, आणि गाडी राहते भलतीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा जुन्या वस्तीत ढोल-ताशांच्या दणक्याने गाड्यांचे भोंगे एकामागून एक सुरू होतात. दिवाळीच्या रात्री तर मोजदाद नको. उमरेड, कामठीकडच्या उघड्या कोळसा खाणींत सुरुंगाचे काम चालते, आणि अशा खाणीजवळच्या वसाहतीत जमिनीचा हादरा हे निमित्तही पुरते. शहरात मेट्रोच्या खांबांचे काम चालू होते त्या काळात रस्त्यालगतच्या घरांनी सेन्सर जवळपास बंद करून ठेवले आणि अनेकांनी ते पुन्हा वर केलेच नाहीत.

अल्ट्रासोनिक सेन्सर गाडीतील हवेची हालचाल टिपतो, म्हणून त्याला काचा पूर्ण बंद लागतात. येथे उन्हाळ्यात गरम हवा निघून जावी म्हणून काच बोटभर खाली ठेवण्याची सवय आहे, आणि मग वाऱ्याच्या झुळकेलाही अलार्म वाजतो. दार उघडल्यावर लागणाऱ्या दिव्याने बॅटरीचा दाब किंचित उतरतो, त्यावरून दार उघडल्याचे ओळखणारे संचही होते. काही गाड्यांत मात्र इंजिन बंद झाल्यावरही रेडिएटरचा पंखा थोडा वेळ फिरतो आणि असा अलार्म त्यालाच चोर समजतो. त्यासाठी हा भाग बंद करून दारांच्या स्विचवर जोडणी करणे, हाच उपाय फिटर करत आले आहेत.

भोंग्याच्या आवाजाला कायद्याने चौकट होती. अनेक सुरांत वाजणाऱ्या आणि कर्कश ध्वनियंत्रांना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मनाई केली होती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवले, आणि २०१० च्या दुरुस्तीने निवासी भागात रात्री हॉर्नवरही बंदी आणली. सहा सुरांत आळीपाळीने वाजणारा भोंगा या काळात सर्रास विकला जात होता. युरोपातील नियमांत भोंगा २५ ते ३० सेकंदांत थांबलाच पाहिजे. आपल्याकडे कारण टिकून राहिले की तो पुन्हा पुन्हा वाजतो.

विम्याने या सगळ्यात दिलेले प्रोत्साहन तुटपुंजे होते. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकानुसार मान्यताप्राप्त चोरीरोधक यंत्र बसवल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट मिळे, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. ६,००० रुपयांच्या हप्त्यावर ती १५० रुपये होते. शिवाय मान्यता यंत्राला असावी लागे, आणि दुकानातील स्वस्त संचांपैकी किती मान्यताप्राप्त आहेत हे ग्राहक विचारत नसे.

दरम्यान बाहेर दिशा बदलली होती. अमेरिकेत १९९७ मध्ये विमा दाव्यांच्या एका अभ्यासात अलार्म असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदर घट आढळली नाही. युरोपने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या कारला इमोबिलायझर सक्तीचा केला, कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून. किल्लीतील चिप इसीयूने ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि तोडायला वेगळी वायर नसते. अमेरिकेने ही सक्ती केली नाही. परिणामी २०२१-२२ मध्ये दोन कोरियन कंपन्यांच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या तेथे समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून चोरल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये आलेल्या सॉफ्टवेअर दुरुस्तीत भोंग्याचा कालावधी ३० सेकंदांवरून एक मिनिट करण्यात आला. निकाली निघालेला भोंगा असा परत आला.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांनी नवी फट उघडली. खिशातील किल्लीचा संकेत दोन यंत्रांच्या साह्याने लांबवर पोहोचवून गाडी उघडता येते, हे २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दहा मॉडेलांवर दाखवले. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडी तपासणारे यंत्र जोडण्याच्या जागेतून, कोरी किल्ली शिकवणे आणि हेडलाइटच्या वायरींतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश सोडणे, हे त्यापुढचे प्रकार. अशा चोरीत बहुधा काच फोडावी लागत नाही, म्हणजे शॉक सेन्सरला फारसे काही कळत नाही.

त्यामुळे कंपनीचा इमोबिलायझर असलेल्या गाडीत आज बाहेरून इंजिन कट घालण्याला आधार उरलेला नाही. दुकानात तो अजूनही ‘फुल सिक्युरिटी’च्या दरात धरला जातो. बॉनेट उघडताच अलार्म वाजवणारा पिन स्विच, ओबीडी पोर्टवरचे कुलूप आणि गिअर लॉक यांना त्यापेक्षा अधिक अर्थ आहे. जुन्या, चिप नसलेल्या गाडीत स्टार्टर कट अजूनही योग्य ठरतो. अशा गाडीत बॅटरीचाही हिशेब धरावा लागतो: अलार्म उभ्या गाडीत २० मिलिअँपिअर घेत असेल तर महिन्याला १४ अँपिअर-तासांहून अधिक खर्च होतो, मारुती ८०० ची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते, आणि उष्णतेत ती आपोआपही उतरते. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची वायरच सोडवून ठेवणे बरे. गिअर लॉक तेवढा लावलेला असावा लागतो.