आमराईतल्या वीरगळांचा पत्ता

बोरिवलीजवळच्या एकसरचे सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदवलेले आहेत. शिळांची उंची-रुंदी फुटांत मोजून दिली आहे, त्यांच्यावर कोरलेल्या जहाजांच्या लढाईचं वर्णन आहे. आणि पत्ता? आमराईत, तळ्याच्या पश्चिम काठाला. त्या काळी तेवढं पुरे होतं. पण गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत साष्टीतल्या, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत तिथल्या, किती आमराया तुटल्या, किती तळी बुजली! आजूबाजूच्या खुणांवर टेकलेला पत्ता खुणांबरोबरच जातो. १९३०च्या दशकात कमांडर टॉड यांना कांदिवलीला अश्मयुगीन हत्यारं सापडली; तो परिसर आज इमारतींखाली आहे.

अक्षांश-रेखांश लिहून प्रश्न सुटला असता, पण ते हाती येईपर्यंत बराच काळ गेला. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी हातातलं यंत्र शंभरेक मीटरपर्यंत चुकायचं. चारेक फुटांच्या शिळेसाठी ही चूक फार मोठी. २००५ मध्ये गूगल मॅप्स आणि गूगल अर्थ आले आणि नकाशा कचेरीतल्या एका संगणकातून बाहेर पडला.

पुरातत्त्वासाठी मुद्दाम केलेल्या एका नकाशा-नोंदप्रणालीची सुरुवात मात्र युद्धातून झाली. २००३ नंतर इराकमध्ये स्थळांची लूट होत असताना गेटी संस्था आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी वारसास्थळांची नोंदप्रणाली आखायला घेतली. ती प्रत्यक्ष वापरात आली जॉर्डनमध्ये, आणि त्याच अनुभवातून पुढे ‘आर्चेस’ हे कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर तयार झालं.

आपल्याकडे कायद्यानेही रेटा दिला. २०१०च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. मोजणी हद्दीपासून आहे, म्हणून नकाशावर नुसता ठिपका देऊन भागत नाही, हद्दीची रेषाच काढावी लागते. जोगेश्वरीच्या लेण्याला वस्ती किती भिडली आहे हे पाहिलं की त्या रेषेचं मोल पटतं.

वीरगळ आणि गधेगळ (दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्राने शाप देणाऱ्या शिळा) यांची अडचण आणखी वेगळी. ते हलतात. शेतात सापडलेली शिळा देवळाच्या ओट्यावर येते, शेंदूर लागतो, पुढे जीर्णोद्धारात ती आणखी कुठे जाते. गेल्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या पुरातत्त्व केंद्राच्या चमूंनी साष्टी पायी धुंडाळली, आणि असं काम करताना ही गोष्ट वारंवार समोर येते. चांगल्या प्रणालीत म्हणूनच दोन रकाने हवेत, मूळ जागा आणि सध्याची जागा, आणि प्रत्येक बदलाला तारीख. दर्शनी नकाशावर नेमका बिंदू न दाखवण्याची सोयही हवी. गुप्तधनाच्या नादात शिळा उखडणारे अजून आहेत.

एकसरच्या नोंदीतून ‘तळ्याच्या पश्चिम काठाला’ हे शब्द मात्र मी काढणार नाही. आसपासची तळी जुन्या सर्व्हे शीटवर शोधता येतात, आणि ती शीट आजच्या नकाशाखाली अंथरता येते.