द्राक्षाचा घड दोऱ्यात उतरवताना

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांचे गणवेश असोत, ढोल पथकाचे टी-शर्ट असोत की शाळेचा खिसा, मशीन भरतकाम फसलं की बोल लागतो तो ऑपरेटरला. दोष मात्र बरेचदा त्याआधीच, पंचिंगला दिलेल्या चित्रात शिरलेला असतो. (चित्राची टाक्यांची फाइल बनवण्याला पंचिंग म्हणतात. ही यंत्रं छिद्रं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर चालायची, तेव्हाचं हे नाव आजही टिकून आहे.)

समजा, ७५ मिमी रुंदीचं बोधचिन्ह आहे: द्राक्षाचा घड, दोन पानं, खाली देवनागरीत नाव. फाइल आली आहे व्हॉट्सअ‍ॅपवरून. ती मोठी करून पाहा. हिरवा आणि पांढरा जिथे भेटतात, तिथे मधल्या फिक्या छटांचे ठिपके दिसतील. संगणकाने कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून टाकलेले काही, फाइल दाबताना आलेले काही. सॉफ्टवेअरच्या भरवशावर आपोआप पंचिंग केलं, तर यातली प्रत्येक छटा वेगळा रंग धरली जाते आणि घडाभोवती बारीक टाक्यांची घाण साचते. म्हणून आधी मूळ पीडीएफ किंवा कोरलची (कोरलड्रॉ या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरची) फाइल मागावी. ती नसेल तर चित्र कोरलमध्ये नव्याने गिरवावं, सपाट रंगांत. साफसफाई करत बसण्यापेक्षा हे काम लवकर होतं.

मग चित्र खऱ्या मापात कागदावर छापा आणि १ मिमी टोकाच्या स्केचपेनने गिरवून पाहा. जे गिरवता येत नाही, ते टाक्यातही येणार नाही. नेहमीचा ४० नंबरचा दोरा कापडावर साधारण ०.४ मिमी जागा घेतो. सॅटिनची पट्टी, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत शेजारी-शेजारी टाके घातलेली पट्टी, १ मिमीच्या खाली गेली की सुई जवळजवळ त्याच भोकात पडते, कापड फाटतं, दोरा तुटतो. तिथे एकेरी धावता टाका घ्यावा. पट्टी ७ मिमीच्या वर गेली की लांब टाके सैल राहून बांगडीत अडकतात. तिथे भरीव फिल, म्हणजे छोट्या टाक्यांच्या ओळींनी भरलेली जागा, हवं.

देवनागरीला जास्त जपावं लागतं. इंग्रजी मोठी अक्षरं ५ मिमी उंचीत निभावतात, पण त्याच उंचीत आपल्याला वर रफार-मात्रा आणि खाली उकार बसवायचे असतात. ‘क्ष’ची गाठ बुजते, अनुस्वाराचा गोळा होतो. नाव ८ मिमीच्या खाली नेऊ नये. तेवढी जागाच नसेल तर ६० नंबरचा बारीक दोरा आणि ६५ नंबरची सुई वापरावी. शिरोरेषा शेवटी भरावी. तिचे टाके उभे पडतात आणि टाका आपल्या लांबीच्या दिशेने कापड ओढतो, त्यामुळे रेषा वरून-खालून आकसते आणि अक्षरं तिच्यापासून सुटी पडलेली दिसतात. अक्षरांचे दंड रेषेखाली अर्धा मिलिमीटर आत घुसवले की ही फट उघडत नाही. याच ओढीमुळे आडव्या टाक्यांनी भरलेला गोल मणी उभट दिसतो. तो मुळातच ०.३ मिमी जास्त रुंद काढावा, होजिअरीवर आणखी थोडा. शेजारचे दोन रंगही एकमेकांवर साधारण १ मिमी चढवावेत.

आता रंग. चित्रातल्या घडात सात हिरव्या छटा असतील, तर सात रिळं लावायची गरज नाही. पॉलिएस्टर किंवा रेयॉनचा गुळगुळीत दोरा म्हणजे चकचकीत बारीक नळी. नळीवर पडलेला उजेड तिच्या लांबीला काटकोनात पसरतो. वरून उजेड आणि समोर पाहणारा असेल, तर आडवे टाके चमकतात आणि उभे गडद दिसतात, दोरा एकच असून! येवल्याच्या पैठणीतली धूपछाँवही अशीच: ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, आणि कोन बदलला की कधी हा उजळतो, कधी तो. मण्याचा वरचा भाग आडव्या टाक्यांनी, खालचा उभ्या टाक्यांनी भरला, की एका रिळातून दोन छटा मिळतात. सावलीला एक गडद हिरवा जोडला की घड भरलेला दिसतो. मिश्र छटा हवीच असेल, तर एका रंगावर दुसऱ्याचा थर द्यावा आणि दोन्ही थरांत टाक्या-टाक्यांमधलं अंतर ०.४ वरून ०.८ मिमी करावं. पूर्ण दाटीचे दोन थर पुठ्ठ्यासारखे कडक होतात आणि भोवती चुण्या पडतात.

पडद्यावर पाहून दोरा निवडू नये. पडदा स्वतः उजेड देतो, दोरा फक्त परतवतो. रिळावरही विसंबू नये. तिथे दोऱ्याचे अनेक थर असतात, कापडावर एकच, आणि त्यातून खालचा रंग डोकावतो. गडद निळ्या कापडावर पिवळा भरताना आधी पिवळ्याचंच अंडरले (खालचा विरळ टाक्यांचा थर) द्यावं. टाके दाट करत गेलं तर कापड गोळा होतं.

शेजारचा रंगही फसवतो. पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवरची विणलेली चित्रं बनवणाऱ्या कारखान्यात काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार होती. तिथले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं, तर रंग चोख होता. त्याचं तेज मारत होते शेजारचे निळे-जांभळे धागे. १८३९ मध्ये त्यांनी याचे नियमच छापले. म्हणून २० मिमीचा चौकोन खऱ्या कापडावर, खऱ्या शेजाऱ्यांसह भरून पाहावा, खिडकीपाशी, थेट ऊन टाळून. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन हिरवे दिवसाच्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात.

एवढं करून फाइल डीएसटीमध्ये (भरतकाम यंत्रांच्या नेहमीच्या फाइल-प्रकारात) दिली, की तिच्यात रंग उरतच नाहीत. ‘इथे रंग बदल’ एवढीच खूण उरते. म्हणून सोबत कागद द्यावा: क्रम, सुई, दोऱ्याची कंपनी, शेड नंबर, आणि प्रत्येकासमोर चिकटवलेला त्या दोऱ्याचा बोटभर तुकडा.